एचपी लेझरजेट १०२० : उबुंटू २४.०४ वर गेल्यापासून ‘फिल्टर फेल्ड’

जावक_नोंद
नमस्कार मंडळी. कार्यालयातला लेझरजेट १०२० यूएसबीने जोडलेला आहे. उबुंटू २२.०४ वर व्यवस्थित चालायचा. संगणक (उबुंटू ही लिनक्सची एक आवृत्ती) २४.०४ वर नेल्यापासून प्रिंट दिली की काम रांगेत जातं, लगेच ‘फिल्टर फेल्ड’ येतं आणि कागद जागचा हलत नाही. एलएसयूएसबीमध्ये (जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी दाखवणारा आदेश) प्रिंटर दिसतो, केबल बदलून पाहिली. विंडोजच्या लॅपटॉपला लावला की छापतो. सेटिंग्जमध्ये एकाच प्रिंटरची दोन नावं दिसतात, त्यातलं कोणतं ठेवायचं? की नवा प्रिंटर घ्यावा?

कप्सवाला
नवा घेऊ नका, या प्रिंटरला काही झालेलं नाही.

१०२० मध्ये स्वतःचं फर्मवेअर (प्रिंटर चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) कायमचं साठवलेलं नसतं. बटण चालू केलं की दर वेळी संगणकाने ते यूएसबीवरून पाठवायचं असतं. शिवाय पानाचं चित्र तयार करण्याचं कामही संगणकच करतो, प्रिंटरची मेमरी जेमतेम २ एमबी. लिनक्सवर या दोन्ही गोष्टी एचपीलिप (एचपीच्या प्रिंटरचं लिनक्ससाठीचं सॉफ्टवेअर) सांभाळतं, पण त्यासाठी त्याला एक वेगळा, मुक्त नसलेला प्लगइन (जोड-भाग) लागतो. तो उबुंटूच्या भांडारात नसल्यामुळे अपग्रेडमध्ये आपोआप बदलत नाही. २२.०४ मध्ये एचपीलिप ३.२१.१२ होतं, २४.०४ मध्ये ३.२३.१२ आहे. प्लगइनची आवृत्ती एचपीलिपशी तंतोतंत जुळली नाही तर फिल्टर (प्रिंटरसाठी पान तयार करणारा कार्यक्रम) तो उघडतच नाही.

खात्री करायची तर व्हार/लॉग/कप्स (कप्स म्हणजे लिनक्सची छपाई-व्यवस्था) मधली एरर_लॉग फाइल पाहा. तिथे ‘प्लगइन व्हर्जन मिसमॅच’ अशा अर्थाची ओळ दोन्ही आकड्यांसकट सापडेल. सापडली नाही तर ‘सुडो कप्ससीटीएल --डीबग-लॉगिंग’ चालवून पुन्हा एक प्रिंट द्या.

आता दुरुस्ती. आधी ‘कॅन्सल -ए’ ने रांग रिकामी करा, नाहीतर अडकलेली सगळी कामं नंतर धडाधड बाहेर येतील. मग ‘एचपी-प्लगइन -आय’. इंटरनेट चालू हवं. हा आदेश प्लगइन उतरवतो, त्याची डिजिटल सही तपासतो आणि परवान्याला होकार मागतो. सही तपासायची चावी मिळाली नाही म्हणून थांबला तर बहुधा नेटवर्क आडवं येत असतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून करून पाहा, तपासणी टाळून पुढे जाऊ नका. शेवटी प्रिंटर बंद करून पुन्हा चालू करा.

खिळेजुळारी
वर सांगितलंय ते बरोबर, पण दोन नावांचा प्रश्न राहिला आणि इथे बरेच जण अडकतात.

‘एलपीस्टॅट -व्ही’ चालवा. एका नावापुढे ‘एचपी:’ ने सुरू होणारा पत्ता दिसेल, दुसऱ्यापुढे ‘यूएसबी:’ ने. दुसरं नाव बहुतेक वेळा फू२झेडजेएस ड्रायव्हरचं असतं. तो ड्रायव्हर मुक्त आहे आणि छापतोही चांगला, पण फर्मवेअरची फाइल त्यालाही वेगळी आणून द्यावी लागते. दोन्ही ठेवलेत तर फर्मवेअर कोण पाठवणार याचा घोळ होतो. एकच ठेवा. मी एचपीलिप ठेवायला सांगेन, कारण बिघडलं तर त्याची नोंद वाचता येते. दोन्ही नावं काढून टाका, ‘प्रिंटर-ड्रायव्हर-फू२झेडजेएस’ हे पॅकेज काढा आणि ‘एचपी-सेटअप -आय’ ने नव्याने जोडा.

विंडोजच्या चाचणीबद्दल सावध राहा. तिथे छापून झाल्यावर वीज न तोडता केबल लिनक्सला लावली, तर विंडोजने पाठवलेलं फर्मवेअर प्रिंटरमध्ये तसंच असतं. एखादी प्रिंट निघते, सगळं जमलं असं वाटतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा शुकशुकाट. चाचणी नेहमी बटण बंद-चालू करूनच घ्या. चालू केल्यावर काही सेकंदांनी आतली मोटर फिरल्याचा आवाज आला तर फर्मवेअर पोचलं. नाही आला तर ‘एचपी-फर्मवेअर’ हा आदेश हाताने देऊन पाहा.

जावक_नोंद
प्लगइनचीच भानगड होती, लॉगमध्ये दोन्ही आकडे सापडले. आता छापतोय, दोघांचेही आभार. पण दोन गोष्टी राहिल्या. पानाच्या तळाची ओळ कापली जाते. आणि एका जुन्या मराठी पीडीएफमध्ये अक्षरांच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं छापली जातात.

कप्सवाला
तळ कापला जातोय म्हणजे नवीन रांगेने (नव्याने जोडलेल्या प्रिंटरच्या नोंदीने) लेटर आकार धरलाय. लेटर २७९ मिमी उंच, ए४ २९७, म्हणजे १८ मिमीचा फरक. ‘एलपीअ‍ॅडमिन -पी’ पुढे प्रिंटरचं नाव आणि ‘-ओ पेजसाइज=ए४’ द्या. भाषा-प्रदेश अमेरिकन इंग्रजी असेल तर तो भारतीय करून घ्या, नाहीतर पुढची रांग पुन्हा लेटरच धरेल.

त्याच आदेशात ‘-ओ प्रिंटर-एरर-पॉलिसी=रीट्राय-जॉब’ पण घाला. हे धोरण ‘स्टॉप-प्रिंटर’ असेल तर छपाई चालू असताना वीज गेल्यावर रांग बंद पडते आणि वीज आली तरी ‘कप्सएनेबल’ दिल्याशिवाय उघडत नाही. आपल्याकडे हे घालणं गरजेचंच आहे.

अक्षरजुळणी
मराठी पीडीएफचं मी सांगतो, हा दोष प्रिंटरचा नाही. ‘पीडीएफफॉन्ट्स’ पुढे फाइलचं नाव द्या आणि ‘ईएमबी’ (फॉन्ट फाइलमध्ये घातलाय का) हा रकाना पाहा. तिथे ‘नो’ असेल तर फॉन्ट फाइलमध्ये घातलेलाच नाही. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये देवनागरी आकार इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले असतात. फॉन्ट नसला की ती मूळ इंग्रजी अक्षरं उघडी पडतात, पडद्यावरही आणि कागदावरही. ज्या संगणकावर तो फॉन्ट आहे तिथून फॉन्ट घालून पीडीएफ पुन्हा काढून मागवा. लोहित किंवा नोटो हे फॉन्ट टाकून हे सुटत नाही, ते युनिकोड आहेत, म्हणजे त्यांत देवनागरी अक्षरं इंग्रजीच्या जागांवर नसतात.

रकान्यात ‘येस’ असेल, पडद्यावर मजकूर नीट असेल आणि फक्त कागदावर बिघडत असेल, तर ऑक्युलर या पीडीएफ वाचकाच्या प्रिंट खिडकीतल्या पीडीएफ पर्यायांत ‘फोर्स रास्टरायझेशन’ लावा. पान चित्र म्हणून जातं, थोडा वेळ जास्त लागतो, पण जोडाक्षरं आणि रफार जागेवर राहतात.

जावक_नोंद
‘नो’च आहे. मूळ फाइल जिथे टाइप झाली तिथून पुन्हा मागवतो. ए४ केल्यावर तळाची ओळ पूर्ण येतेय.