थॉम यॉर्क यांचा ‘अमोक’ : ताल पुढे, चाल मागे?

लोअरपरळ
रेडिओहेड या ब्रिटिश रॉक बँडचे गायक थॉम यॉर्क यांनी ‘अ‍ॅटम्स फॉर पीस’ या दुसऱ्या बँडबरोबर केलेला ‘अमोक’ हा अल्बम सध्या अंधेरीला जाता-येता लोकलमध्ये मी वारंवार ऐकतो आहे. गिटारवर वाढलेल्या माझ्या कानाला त्यात धरायला काही सापडत नाही. मुखडा-अंतरा असा ठळक आकार नाही, कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) जेमतेम बदलतात, आणि गाणे संपत नाही, कोणीतरी थांबवल्यासारखे थांबते. आमच्या बँडमध्ये नुकतेच एक ढोलकीवादक आले आहेत आणि तालावर उभी राहणारी गाणी बसवावीत, असे सगळ्यांच्याच मनात आहे. हा अल्बम माणसांनी वाजवला आहे की कॉम्प्युटरवर जुळवला आहे, आणि आम्ही सुरुवात कुठून करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

खर्जातला_सा
दोन्ही, आणि तेही जाणूनबुजून. २००६ च्या ‘द इरेझर’ या एकल अल्बममध्ये यॉर्क यांनी बहुतेक ठोके कॉम्प्युटरवर रचले होते. ती गाणी मंचावर वाजवता यावीत म्हणून २००९ मध्ये त्यांनी निर्माते नायजेल गॉड्रिच, रेड हॉट चिली पेपर्स या बँडचे बासवादक (खालच्या सुरांची गिटार वाजवणारे) फ्ली, ड्रमर जोई वॉरोंकर आणि ब्राझीलचे तालवादक माउरो रेफोस्को यांना एकत्र आणले. यंत्रासाठी रचलेले ठोके हातांनी वाजवायचे, हीच त्यांची तालीम होती. २०१० च्या दौऱ्यानंतर लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत हे सगळे तीन दिवस मोकळेपणाने वाजवत राहिले, आणि त्या ध्वनिमुद्रणाचे तुकडे यॉर्क व गॉड्रिच पुढे दीर्घकाळ कापत-जोडत बसले. अल्बम आला तो थेट फेब्रुवारी २०१३ मध्ये. तेव्हा त्यातल्या ‘डिफॉल्ट’ या गाण्यातला अडखळता ठोका यंत्राचा की हाताचा, हे ओळखण्याचा नाद सोडावा.

ही मंडळी फ्ली यांच्या घरी जमली असता नायजेरियाच्या फेला कुटी यांचे संगीत ऐकत बसली होती, हे येथे महत्त्वाचे आहे. फेलांच्या बँडमध्ये टोनी अ‍ॅलन यांच्या ड्रमवर बासची एक छोटी ओळ दहा-दहा मिनिटे फिरत राहते आणि बदलतात ते तिच्यावरचे थर. आपल्याला हवा असलेला आकार थरांच्या या ये-जा करण्यात आहे.

डग्गा_दादर
सहमत. स्वतंत्र तबलावादनातला लेहरा (तबल्यामागे पुन्हा पुन्हा फिरणारी एकच चाल) आठवावा आणि फ्ली यांचा बास तसा ऐकावा, म्हणजे सम, म्हणजे तालाच्या प्रत्येक आवर्तनाची (फेरीची) पहिली मात्रा, हाती लागते. फरक एवढाच की लेहऱ्यावर तबलजी पुढे निघून जातो. येथे कोणीच पुढे जायचे नाही, आणि खरी शिस्त तीच आहे. (गिटारवाल्यांना ती सर्वांत जड जाते, हे अनुभवाने सांगतो.)

आपल्या बँडपुरते सांगायचे तर ढोलकीच्या डाव्या तोंडाचा घुमारा, किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि बास हे तिन्ही आवाज खालच्याच थरात एकमेकांवर आदळतात, आणि छोट्या जॅम रूममध्ये नुसता गदारोळ ऐकू येतो. ड्रमरला किक फक्त समेवर द्यायला सांगावे, झांजा जवळजवळ बंद ठेवाव्यात आणि ढोलकीच्या शाईकडचे (काळा लेप असलेल्या उजव्या तोंडाचे) टणक बोल मोकळे सोडावेत. मग आठ मात्रांच्या केरवा या तालावर ढोलकीला तीन-तीनच्या गटांनी वाजवू द्यावे. तिचा जोर दर आवर्तनात वेगळ्या मात्रेवर पडतो आणि तीन आवर्तनांनंतर, म्हणजे चोवीस मात्रांनी, ती पुन्हा समेवर भेटते. बासने मात्र आपली जागा तसूभरही सोडू नये.

कोरस_हवा
थोडा वेगळा सूर लावतो. ‘अमोक’ची कारागिरी मान्य, पण मला तो कोरडा वाटतो, यॉर्क यांचा आवाज बहुतेक ठिकाणी आणखी एक थर होऊन विरतो. टॉकिंग हेड्स या अमेरिकन बँडचा १९८० चा ‘रिमेन इन लाइट’ हा अल्बम आधी ऐकावा. ब्रायन ईनो निर्माते होते, बहामातील कंपास पॉइंट स्टुडिओत वाद्यांचे थर बसवले गेले, गाणी एकेका कॉर्डभोवतीच फिरत राहिली, शब्द आणि चाल बँडचे गायक डेव्हिड बर्न यांनी नंतर चढवली. तरीही त्यातले कोरस (पुन्हा पुन्हा येणारे मुखडे) लगेच ओठांवर येतात. तो अल्बम मंचावर उभा करायला चौघांच्या त्या बँडला आणखी वादक आणि गायिका घ्याव्या लागल्या, तेव्हा चार जणांत सगळे थर वाजवण्याचा हट्ट आपणही धरू नये.

जॅम रूमचे भाडे तासावर असते, म्हणून तिथे गाणे लिहीत बसू नये. रेकॉर्डर चालू ठेवून एकच ठेका बराच वेळ वाजवावा, घरी त्यातली चांगली आवर्तने कापून काढावीत आणि चाल त्यांच्यावर बांधावी.