नाइटक्लब बंद पडतायत ते आपण जाणं सोडलं म्हणून, की त्यांना चालूच दिलं नाही म्हणून?

रात्रपाळी:

गेली काही वर्षं एकामागून एक क्लब बंद पडल्याच्या बातम्या वाचतोय आणि दर वेळी खाली तीच दोन कारणं दिलेली असतात, नवीन पिढी पीत नाही आणि सगळे घरी मोबाइल बघत बसतात. मला हे पूर्ण पटत नाही. बर्लिनचं वॉटरगेट घ्या. 2002 पासून चालू, नदीला लागून, फ्लोअरला काचेची भिंत, पहाटे उजेड सरळ नाचणाऱ्यांच्या अंगावर यायचा, जगभरातून लोक खास त्यासाठी जायचे, आणि तरी 2024 च्या शेवटी बंद झालं. त्याच वर्षी मार्चमध्ये जर्मनीनं बर्लिनच्या टेक्नोला, म्हणजे तिथल्या इलेक्ट्रॉनिक नाचाच्या संगीताला, देशाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. त्याआधी 2021 मध्ये तिथल्या संसदेनं ठराव केला होता की क्लबना जुगाराच्या मशिनींच्या अड्ड्यांबरोबर एका रांगेत धरू नका, ही सांस्कृतिक ठिकाणं आहेत. एवढं सगळं मिळूनही जागा टिकत नसेल तर नुसतं "लोक बदलले" म्हणून विषय संपवता येत नाही ना.

मला नाचायला मनापासून आवडतं, अंधारात, अनोळखी लोकांच्या मधे, कोणी बघत नाहीये अशा ठिकाणी. बारमध्ये बसून ते होत नाही, फेस्टिव्हलच्या मैदानात पण होत नाही. म्हणून विचारतोय, जे आतून बघतायत त्यांनी सांगा, नक्की काय तुटलंय?

मागचा_रॅक:

साउंडच्या कामात आयुष्य गेलंय, त्यामुळे पैशाची बाजू सांगतो, जरा लांबेल.

क्लबचं मूळ दुखणं असं आहे की लोक येतात नाचायला आणि कमाई होते बारवर. फ्लोअर स्वतः काही कमवत नाही, उलट जितका माणूस जास्त नाचतो तितका कमी पितो. हे काही आजचं नाही. मँचेस्टरचा हॅसिएंडा 1982 ते 1997 चालला, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तिथे आत शिरायला जागा नसायची, पण त्या काळात लोक नशेच्या गोळ्या घेऊन रात्रभर पाण्यावर नाचायचे आणि बारचा गल्ला रिकामा राहायचा. भरलेला क्लब तोट्यात. मालक असलेला बँड आणि त्यांची रेकॉर्ड कंपनी यांच्या पैशावर तो तगला एवढंच. म्हणजे गर्दी कमी झाली म्हणून क्लब बुडतो हे अर्धंच खरं आहे, गर्दी असूनही बुडतो.

आता यात भर काय पडली ते बघा. पूर्वी उशिरापर्यंत उघडं राहणं हाच क्लबचा हुकमी एक्का होता. इंग्लंडमध्ये पब साधारण अकराला बंद व्हायचे, पुढे जायचं तर क्लबलाच. 2005 च्या नोव्हेंबरपासून नवीन लायसन्स कायदा लागू झाला आणि पबना पण उशिरापर्यंतची परवानगी मिळायला लागली. बारनी कोपऱ्यात डीजे ठेवला, टेबलं बाजूला सरकवली, प्रवेश फुकट. मग क्लबच्या दारात पैसे देऊन रांगेत कोण उभं राहणार? त्यानंतर कोविड. इंग्लंडमध्ये क्लब 2020 च्या मार्चमध्ये बंद झाले ते 2021 च्या 19 जुलैला उघडले, सगळ्यात आधी बंद आणि सगळ्यात शेवटी चालू. भाडं मात्र थकत राहिलं, आणि पाठोपाठ वीज महागली, विमा महागला, सिक्युरिटीचा माणूस महागला. भाडं सात रात्रींचं भरायचं आणि कमवायचं एका शनिवारी, शुक्रवार पण आता बऱ्याच ठिकाणी अर्धाच भरतो.

पण मला जे सगळ्यात जास्त लागतं ते वेगळंच आहे. मोठे फेस्टिव्हल डीजेशी करार करताना अट घालतात की आमच्या कार्यक्रमाच्या आधी-नंतर इतके दिवस आसपासच्या इतक्या अंतरात वाजवायचं नाही. झालं, छोट्या क्लबला जे एक नाव मिळून महिना निघाला असता ते गेलं. आणि छोटा क्लब गेला की वॉर्मअप जातो, म्हणजे मुख्य डीजेच्या आधी फ्लोअर हळूहळू तयार करायचं काम. ज्यांनी बूथमागून बघितलंय त्यांना कळेल. दार नुकतंच उघडलंय, भिंतीला टेकून चार माणसं उभी, एक जण कोट कुठे ठेवायचा विचारतोय, आणि डीजेला आवाज आणि बेस (खालचा जड सूर) दोन्ही मुद्दाम मागे धरून, हिट गाणी पुढच्या माणसासाठी शिल्लक ठेवून, तास-दीड तासात त्या चौघांचे चाळीस करायचे असतात. हे घरी बसून शिकता येत नाही, फेस्टिव्हलच्या स्टेजवर तर नाहीच, तिथे पहिल्या मिनिटाला हात वर पाहिजेत सगळ्यांचे. मंगळवारच्या रिकाम्या फ्लोअरवर घडलेले रेसिडेंट डीजे, म्हणजे एकाच क्लबमध्ये नेमानं वाजवणारे, आता कुठून येणार, मला खरंच प्रश्न पडतो.

चौथा_मजला:

मी भिंतीपलीकडच्या माणसांच्या बाजूनं बोलतो, कारण प्रत्येक धाग्यात आम्हाला खलनायक केलं जातं. बेसचा त्रास काय असतो हे आत नाचणाऱ्याला कळूच शकत नाही. गाणं ऐकू येत नाही, शब्द नाहीत, चाल नाही, फक्त धप धप धप, कानाला नाही तर गादीतून बरगडीला लागतं, खिडकीची काच बारीक थरथरते आणि पहाटे तीनला तुम्ही पुढच्या ठोक्याची वाट बघत पडलेले असता. उशी डोक्यावर घेऊन पण उपयोग नाही, तो आवाज हवेतून कमी आणि इमारतीतून जास्त येतो.

पण एक गोष्ट मान्य आहे. क्लब आधीपासून असेल आणि शेजारी नंतर फ्लॅट बांधले असतील तर आवाज अडवायचा खर्च बिल्डरनं करावा. हा नियम आता काही ठिकाणी आहे, ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियानं 2014 मध्ये आणला, इंग्लंडच्या नियोजन धोरणात 2018 मध्ये आला. माझ्या मते हा आमच्या पण फायद्याचा आहे, कारण फ्लॅट घेणाऱ्याला जाड काच आधीच मिळते, नंतर तक्रारी करत फिरावं लागत नाही. फक्त दाराबाहेरच्या रांगेचा आणि टॅक्सीच्या हॉर्नचा उपाय या नियमात नाही, आणि निम्मा त्रास तोच असतो.

उजाडलं_की:

नवीन पिढीत मी येते, तर थोडं ऐका.

आम्ही नाचत नाही हे साफ चुकीचं आहे. आम्ही संध्याकाळी चारला सुरू होऊन दहाला संपणाऱ्या पार्ट्यांना जातो, सकाळी कामाच्या आधी कॉफीवर नाचणारे ग्रुप आहेत, लंडन आणि न्यूयॉर्कला 2013 च्या सुमारास सकाळच्या बिनदारूच्या पार्ट्या सुरू झाल्या आणि आता ते नवल राहिलेलं नाही. पूर्वी कोणी भेटावं म्हणूनही क्लबला जायचे, ते काम 2012 नंतर डेटिंग ॲपनी उचललं, बरंच झालं असं मी म्हणेन, कारण त्यामुळे फ्लोअरवर सारखं कोणीतरी जवळ येऊन चिकटणं कमी झालंय. दुसऱ्या दिवशीची झोप आम्हाला महत्त्वाची वाटते. आणि घरी परत कसं जायचं हा प्रश्न मुलींसाठी पहिला असतो, शेवटचा नाही. कोणी काही मिसळू नये म्हणून ग्लासवर हात ठेवून नाचायचं, मैत्रीण नजरेआड झाली की धडधड, बाहेर पडल्यावर ना बस ना ट्रेन. लंडनला 2016 मध्ये शुक्रवार-शनिवार रात्रभर मेट्रो सुरू झाली तसं काही असेल तर रात्र परवडते, नाहीतर चारची पार्टीच बरी.

मागचा_रॅक, तुमचा दारूचा मुद्दा बरोबर आहे पण त्याचं उत्तर जुन्या लोकांनीच देऊन ठेवलंय. न्यूयॉर्कचा पॅराडाइज गराज 1977 ते 1987 चालला, लॅरी लेव्हन हा डीजे वाजवायचा, जगातल्या सगळ्यात मोठ्या नावांत तो क्लब घेतला जातो आणि तिथे दारू विकतच नव्हते. मेंबरशिप होती. लोक संगीताचे आणि जागेचे पैसे देत होते. मग आम्ही पीत नाही म्हणून क्लब बुडतोय असं आम्हाला कशाला ऐकवायचं, दारूवर अवलंबून राहणारा हिशोब बदला ना.

आणि फोन. हे मात्र आमच्याच पिढीचं दुखणं आहे. 2010 मध्ये एका वेबकॅमवरून इंटरनेटवर डीजे सेट दाखवायला सुरुवात झाली त्यातून खूप चांगलं संगीत घरबसल्या मिळालं, पण हळूहळू फ्लोअरवरचा प्रत्येक माणूस कॅमेऱ्यासमोर आला. वेडंवाकडं नाचताना कोणीतरी शूट करेल आणि उद्या ते ऑफिसच्या ग्रुपवर येईल ही भीती असली की माणूस खांदे हलवत उभा राहतो. बर्लिनच्या बर्गहाइनला दारातच फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात. आमच्या छोट्या ग्रुपनं पण तेच सुरू केलंय, गोल रंगीत स्टिकर, पुढच्या कॅमेऱ्याला एक, मागच्याला एक. पहिला अर्धा तास लोक सवयीनं फोन काढतात, स्टिकरवर अंगठा फिरवतात आणि परत खिशात ठेवतात. मग बंदच होतं ते.

कायद्याचं_बोला:

उजाडलं_की यांना +१, फक्त सरकारी बाजू राहिली. सिडनीत दारूच्या नशेतल्या हल्ल्यांत दोन तरुण गेले, लोकांचा संताप रास्त होता, त्यावर 2014 मध्ये नियम आला की किंग्ज क्रॉस आणि शहराच्या मध्यभागात रात्री दीडनंतर बहुतेक बार-क्लबमध्ये नवीन प्रवेश नाही आणि तीनला शेवटचा पेग. शहराच्या मध्यभागातला दीडचा नियम 2020 मध्ये उठला, किंग्ज क्रॉसचा 2021 मध्ये, पण तोवर तिथली बरीच ठिकाणं संपली होती, नियम मागे घेतला म्हणून ती परत उगवत नाहीत. जपानमध्ये 1948 च्या एका कायद्यानं मध्यरात्रीनंतर क्लबमध्ये नाचायलाच बंदी होती, ती शिथिल झाली 2016 मध्ये. न्यूयॉर्कचा 1926 चा नाचाच्या परवान्याचा कायदा 2017 मध्ये गेला. एकीकडे लोक कमी जातायत म्हणतो आणि दुसरीकडे नाचायची मोकळीक कुठे कुठे आत्ता आत्ता मिळतीये.

लोक एकत्र आले तर फरक पडतो हे पण लिहितो. लंडनच्या फॅब्रिक क्लबचं लायसन्स 2016 च्या सप्टेंबरमध्ये ड्रग्जमुळे झालेल्या दोन मृत्यूंनंतर रद्द झालं, चाहत्यांनी निधी उभा केला, कडक अटी मान्य झाल्या आणि 2017 च्या जानेवारीत तो परत उघडला.

रात्रपाळी:

सगळ्यांचे आभार, एवढं मनापासून कोणी लिहील वाटलं नव्हतं. मला यातून जे दिसतंय ते असं की नाचायची इच्छा आहे तिथेच आहे, तुटलीये ती मधली पायरी, दीडशे-दोनशे माणसांची खोली. वर मोठे इव्हेंट चाललेत, खाली घरगुती पार्ट्या चालल्यात, मधलं कोणाला परवडत नाही. उजाडलं_की, तुमचा ग्रुप हेच मधलं काम करतोय असं वाटतं. जागा कशी मिळते तुम्हाला? शेजारी काही बोलत नाहीत?

उजाडलं_की:

दिवसा रिकामा असणारा हॉल घेतो, तिकीट आधी विकतो म्हणजे किती माणसं येणार ते कळतं, बार नाही. दहाला बंद करतो तरी शेजारून तक्रार आलीच, बेसची. मागचा_रॅक, काय करावं? आवाज कमी केला की मजा जाते आणि मीटरवर आकडा तर ठीक दिसतो.

मागचा_रॅक:

आकडा ठीक दिसतो कारण तुमचा आवाजाचा मीटर बहुतेक ए वेटिंगवर आहे, मोजायची ती पद्धत कानाला धरून असते, त्यात बेस जवळजवळ धरलाच जात नाही. सी वेटिंगवर टाका, त्यात बेस धरला जातो, आणि हॉलमध्ये नाही, शेजाऱ्याच्या भिंतीशी जाऊन मोजा, शक्य असेल तर त्यांच्या खोलीतच, त्यांना सोबत घेऊन. चौथा_मजला म्हणतात ते खरं आहे, तो आवाज इमारतीतून जातो, म्हणून सब (बेसचे मोठे स्पीकर) सरळ लाकडी स्टेजवर किंवा फरशीवर ठेवू नका, खाली चांगल्या जाडीचे रबरी पॅड घाला. सब दोनापेक्षा जास्त असतील तर एक उलट्या तोंडानं ठेवून त्याची पोलॅरिटी फिरवून (सिग्नल उलटा करून) थोडा डिले द्या, म्हणजे आवाज किंचित उशिरा सोडा, मागच्या बाजूला जाणारा बेस बराच कमी होतो, डिले किती ते जागेवर ऐकून ठरवावं लागतं. स्पीकर कमी ताकदीचे पण नाचणाऱ्यांच्या जवळ ठेवा. आणि आत येण्याच्या वाटेला एकामागे एक दोन दारं करा, मधे जाड पडदा चालेल, एक उघडलं की दुसरं बंद पाहिजे.

पुढचा कार्यक्रम कधी आहे ते मेसेज करा, मीटर घेऊन येतो. वॉर्मअपला कोण आहे ते पण सांगा.