मदत हवी आहे: सिगारवर बाहेरून गुंडाळलेलं काळं पान मुळातच काळं असतं की करतात?

मंडळी, राहतो कोथरूडला, मूळ गाव निपाणीकडचं. घरी बिडीच्या तंबाखूची शेती होती, पण ओढत मात्र नाही. मेव्हण्याने परदेशातून सिगारची मिसळ पेटी आणलीय आणि रविवारी त्याच्या मित्रांसमोर ‘तंबाखूवाल्या घरचा’ म्हणून मलाच बोलायला लावणार आहे.

अमेरिकेतल्या कनेटिकटमध्ये 1900च्या सुमारास कापडाखाली सावलीत पीक घ्यायला लागले, ते पान पातळ आणि फिकट. ब्रॉडलीफ (रुंद पानाची तंबाखूची जात) आणि मेक्सिकोतलं सान आंद्रेसचं पान उघड्या उन्हातलं, जाड. इथवर कळलं. पण पेटीत कॉलोरॅडो माडुरो, माडुरो आणि ओस्कुरो अशा तीन काळपट आहेत. माडुरोच्या शिरा ठसठशीत, पानावर बारीक दाणे, बोटाला तेलकट लागते. हा काळेपणा शेतातला की वखारीतला? नावं ठरवतं कोण? ओल्या टिश्यूने पुसलं तर तपकिरी डाग आला, म्हणजे रंग लावलाय का?

प्रतिसाद १
दोन्हीकडचा. ब्रॉडलीफचं अख्खं झाड बुडातून कापून कोठारात टांगतात. सावलीतल्या पिकाची मात्र खालून वर पानं खुडत जातात. शेंड्याकडच्या पानांना ऊन जास्त, म्हणून ती जाड आणि तेलकट. पण खरं काम मुरवण्यात आहे. ओलसर पानांची मोठी थप्पी रचली की ती शेणखताच्या ढिगासारखी आतून तापते. मध्यात तापमापक खुपसलेला असतो. पारा ठरल्यापेक्षा वर गेला की थप्पी मोडायची, आतलं पान बाहेर, बाहेरचं आत, आणि पुन्हा रचायची. अमोनियाने डोळे चुरचुरतात. माडुरोला उष्णता आणि मुदत दोन्ही जास्त लागतात. पातळ पान ते सोसत नाही, म्हणून तर ब्रॉडलीफ.

प्रतिसाद २
नावं ठरवणारं कोणी नाही हो! कँडेला, क्लारो, कॉलोरॅडो, माडुरो, ओस्कुरो हा फिकटाकडून काळ्याकडे जाणारा क्रम सगळे मानतात, पण एकाचा माडुरो तो दुसऱ्याचा ओस्कुरो. निवड नजरेने होते. क्युबात पेटी भरताना गडद सिगार डावीकडे, फिकट उजवीकडे लावतात. मित्रांना एक नक्की सांगा, काळी म्हणजे कडक नव्हे. कडकपणा बराचसा आतल्या भरणातून येतो.

टिश्यूवर जाऊ नका, भिजलं की कुठलंही तंबाखूचं पान रंग सोडतं. वाफेत शिजवून किंवा रंग देऊन काळं करणारेही आहेत, पण ते पान बहुधा सपाट एकरंगी दिसतं. मुरलेल्या पानात छटा असतात. आणि पेटी बंद ठेवा. सिगारला 65 ते 70 टक्के आर्द्रता पुरते, पुण्याच्या जुलैत बुरशी धरेल.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. ओस्कुरोवर शिरेलगत तांबूस छटा आहे, तेव्हा ती अस्सल दिसतेय. पेटीत एक चक्क हिरवी निघाली, ती कच्ची का?

प्रतिसाद १
कच्ची नाही, तीच कँडेला. खुडल्या खुडल्या कृत्रिम उष्णता देऊन झटपट वाळवतात, त्यामुळे हरितद्रव्य टिकतं. मेव्हण्यालाच द्या ती.