बोटं सुजतात, मूठ वळत नाही, पण रिपोर्ट सगळे नॉर्मल!

कोरा_कागद: वय ४१. अडीच महिने झाले, दोन्ही हातांची बोटं मुळाशी, मूठ वळल्यावर जी हाडं वर येतात ना तिथेच, टम्म सुजतात आणि ठणकतात. सकाळी पेस्टच्या ट्यूबचं झाकण फिरवायला नवऱ्याला हाक मारावी लागते, दहा वाजेपर्यंत बोटं मोकळी होत नाहीत. अंगठी साबण लावून काढली ती परत चढलीच नाही. युरिक अ‍ॅसिड, आरए फॅक्टर (संधिवाताची रक्ततपासणी), एक्सरे, सगळं नॉर्मल, डॉक्टर म्हणाले वयाचं आहे, पेनकिलर घ्या. घेतली की बरं, सोडली की ये रे माझ्या मागल्या.

सांधेवाईक: ४१ हे काय वय झालं का! माझं अगदी असंच होतं. आरए फॅक्टर निगेटिव्ह म्हणजे संधिवात नाही असं नसतं हो, आमवाताच्या, म्हणजे आरए प्रकारच्या संधिवाताच्या, बऱ्याच पेशंटना तो निगेटिव्हच येतो, आणि सुरुवातीला एक्सरेत पण काही दिसत नाही. अँटी सीसीपी, ईएसआर, सीआरपी या रक्ततपासण्या केल्यात का? हाडांच्या डॉक्टरांकडे फेऱ्या न मारता सरळ ऱ्हुमॅटॉलॉजिस्टला, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा, मी हाडांच्या डॉक्टरांकडेच वर्ष घालवलं. आणि सूज असेल तेव्हा फोटो काढून ठेवा, अपॉइंटमेंटच्या दिवशी नेमकी उतरलेली असते.

निवांत२: आधी ताप येऊन गेला होता का? चिकनगुनियानंतर माझे सांधे चार महिने धरलेले होते, आपोआप गेलं. घरात कुणाला सोरायसिस (त्वचेचा आजार) आहे का तेपण डॉक्टरांना सांगा, त्यातही सांधे सुजतात.

कोरा_कागद: ताप नव्हता. मावशीला सोरायसिस आहे, पण ते कुणी विचारलंच नाही! आमवात निघाला तर जन्मभर स्टेरॉइड का?

सांधेवाईक: नाही हो. मला स्टेरॉइड सुरुवातीला थोडे दिवस होतं, मुख्य गोळी मेथोट्रेक्सेट. ती आठवड्यातून एकदाच, रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून मी पाकिटावर मार्करने 'रविवार' लिहिलंय. सोबत फॉलिक अ‍ॅसिड, आणि लिव्हर, रक्तपेशी अधूनमधून तपासायच्या. मूल हवं असेल तर आधीच सांगा, ही गोळी तेव्हा चालत नाही. फरक पडायला दोन-तीन महिने लागले, दुसऱ्या महिन्यात मी वैतागून सोडणारच होते.

निवांत२: पेनकिलर मात्र मनाने महिनोन्‌महिने नको, पोट आणि किडनी दोन्हीची वाट लागते. आणि एकच सांधा अचानक लाल, गरम झाला आणि ताप आला तर थांबू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल, आत इन्फेक्शन असू शकतं.

कोरा_कागद: गुरुवारची वेळ मिळाली. आज सकाळचा फोटो काढला, नवऱ्याने मोबाइल धरला कारण मला बटण दाबवेना.