मदत हवी आहे: ‘स्क्रॅच आऊट’ नेमकं कुठे वापरायचं?

नमस्कार मंडळी. आम्ही मालवणजवळ राहतो. लेक दहावीला आहे आणि इंग्रजीच्या ‘स्क्रॅच आऊट’वर आमची गाडी अडलीय.

पेनाने रेघा मारून शब्द खोडणं, हा अर्थ कळला. रबराने पुसलं की ‘रब आऊट’, हेही कळलं. पण धड्याखाली ‘स्क्रॅच आऊट अ लिव्हिंग’ आलं आणि आमच्या लेकीने वहीत लिहिलं, ‘जगणं खोडून टाकणं’! मी हसून घेतलं, पण मलाही चटकन सांगता येईना. मग म्हटलं, आपला आजा सड्यावर, म्हणजे खडकाळ माळावर, कातळातल्या चिमूटभर मातीत नाचणी लावून कसंबसं पोट भरायचा ना, तेच हे. बरोबर ना? याला एका शब्दात मराठी काय म्हणाल? ‘हातावर पोट’ मला जरा वेगळं वाटतं, त्यात रोजंदारी आली.

दुसरं, ‘स्क्रॅच अराउंड’. मागीलदारी कोंबडी पातेऱ्यात (वाळक्या पानांत) उकरत फिरते, ते चित्र अगदी चपखल बसतं. पण माणूस पैशांसाठी इकडेतिकडे हात मारतो तेव्हाही हेच चालतं ना?

आणि ‘स्क्रॅच इट आऊट’ होतं, तसं ‘स्क्रॅच अ लिव्हिंग आऊट’ म्हणतात का? मला कानाला खटकतंय. सोमवारी चाचणी आहे, जाणकारांनी सांगा.