कॉडयुद्ध आइसलंडने कशाच्या जोरावर जिंकलं?

धागाकर्ता: कॉड माशांच्या मासेमारीवरून ब्रिटन आणि आइसलंडमध्ये झालेला संघर्ष म्हणजे कॉडयुद्ध. त्यात १९७६ मध्ये ब्रिटनने आइसलंडची २०० सागरी मैलांची मासेमारी हद्द मान्य केली. त्याचं श्रेय सरसकट ब्रिटिशांची जाळी कापणाऱ्या आइसलंडच्या गस्ती जहाजांना दिलं जातं. मला ते पटत नाही. खरं हत्यार होतं आइसलंडमधला केफ्लाविकचा अमेरिकी लष्करी तळ. सोव्हिएत पाणबुड्यांवर तिथून नजर ठेवली जाई, आणि तो तळ गमावणं 'नाटो'ला परवडणारं नव्हतं. ऑक्टोबर १९७३ मध्ये आइसलंडने राजनैतिक संबंध तोडण्याचा इशारा देताच ब्रिटिश युद्धनौका हद्दीबाहेर गेल्या. फेब्रुवारी १९७६ मध्ये संबंध खरोखरच तोडले आणि जूनमध्ये करार झाला.

प्रतिसाद १: तळ तर १९५८ मध्येही होता. तेव्हा १२ मैलांसाठी भांडण चाललं ते १९६१ पर्यंत! फरक पडला सप्टेंबर १९७२ पासून. धारदार फाळांचा, नांगरासारखा आकडा गस्ती जहाजाने लांब तारेने मागे सोडायचा आणि ट्रॉलरच्या, म्हणजे जाळं ओढणाऱ्या मासेमारी जहाजाच्या, पिछाडीला आडवं जायचं. जाळं ओढणारे पोलादी दोर तुटले की जाळं माशांसकट समुद्राच्या तळाशी. गोळी झाडावी लागत नाही. यावर उपाय म्हणून ब्रिटिश युद्धनौकांनी ट्रॉलर ठरावीक चौकटीत गोळा केले. पण मासा त्या चौकटीत थोडाच थांबतो? सगळे एकाच पाण्यात दाटीवाटीने, म्हणून पकड घटली. शिवाय फ्रिगेटचा (या ब्रिटिश युद्धनौकांचा) पत्रा वेगासाठी पातळ ठेवलेला. धडका घेऊन त्यांनाच दुरुस्तीला जावं लागे.

धागाकर्ता: जाळी कापणारा आकडा वापरात असूनही नोव्हेंबर १९७३ च्या करारात ब्रिटनने वर्षाला १,३०,००० टन मासे पकडायची मुभा मिळवलीच ना? १९७६ मध्ये मात्र दिवसाला सरासरी २४ ट्रॉलर, तेही सहाच महिने. एवढी घसरण नुसत्या जाळी कापण्याने होत नाही.

प्रतिसाद २: तुम्ही दोघंही कायदा विसरताय. २५ जुलै १९७४ ला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १० विरुद्ध ४ मतांनी आइसलंडने १९७२ मध्ये घातलेली ५० मैलांची बंदी ब्रिटनवर लादता येत नाही असं ठरवलं. आइसलंड सुनावणीला गेलाच नव्हता. कागदावर ब्रिटन जिंकला होता. पण संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा परिषदेत तोवर २०० मैलांचा कल स्पष्ट झाला होता. भारताने १९७६ च्या कायद्याने तेच केलं, आणि खुद्द ब्रिटनने १ जानेवारी १९७७ पासून स्वतःसाठी २०० मैल घेतले. स्वतःला हवं ते आइसलंडला कसं नाकारणार?

प्रतिसाद १: कायद्याचा मुद्दा मान्य. तरी त्या निकालानंतरही समुद्रात दोर कापले जात होते, हे विसरू नका. डिसेंबर १९७६ ला कराराची मुदत संपली आणि ब्रिटिश ट्रॉलर निघाले. फटका बसला तो ब्रिटनमधल्या हल, ग्रिम्स्बी आणि फ्लीटवुडच्या बंदरांना.