ब्रँड परदेशी कंपनीने घेतला. माल बदलला की नाही, हे कसं ओळखायचं?

मेसवाली_इंदिरानगर
मेसमध्ये मसाला, दही, तूप ठरलेल्या ब्रँडचंच वापरतो. त्यातला एक परदेशी कंपनीने घेतल्याची बातमी आली आणि डबेवाली गिऱ्हाइकं विचारायला लागली. रविवार कारंज्यावरचे होलसेलवाले म्हणतात, माल तोच आहे. पाकिटावरून खरंखोटं कळतं का? की सरळ ब्रँड बदलावा?

लेबलवाचक
ताई, जुनं रिकामं पाकीट फेकू नका, नव्याशेजारी ठेवा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. मसाल्यात मीठ चौथ्यावरून दुसऱ्यावर आलं, किंवा आधी नसलेलं पामतेल यादीत आलं, तर पाककृती बदलली. क्रम तोच राहून प्रमाण बदलू शकतं, ते मात्र यादीतून कळणार नाही. मग निव्वळ वजन बघा. एमआरपी तीच ठेवून 100 ग्रॅमचे 90 केले की ते पटकन लक्षात येत नाही.

चवीची तुलना करायची तर दोन्ही पाकिटांची पॅकिंग तारीख जवळपासची हवी. मसाला जुना झाला की त्यातलं सुगंधी तेल उडतं, आणि ताजं पाकीट उगाच 'वेगळं' वाटतं. मिरचीचा रंगही हंगामाप्रमाणे फिरतो, त्याचा दोष नव्या मालकाला देऊ नका.

सातपूरचा_क्यूसी
मालकापेक्षा कारखाना महत्त्वाचा. परदेशी कंपनीने नुसते शेअर घेतले तर कंपनी तीच राहते, परवाना क्रमांकही तोच. धंदाच दुसऱ्या कंपनीच्या नावावर गेला तर नवा परवाना लागतो. म्हणजे क्रमांक बदलला नाही यावरून विक्री झाली नाही असं ठरत नाही.

एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा बघणारं केंद्राचं प्राधिकरण) परवाना क्रमांक 14 अंकी असतो. पहिला 1 म्हणजे परवाना, पुढचे दोन अंक राज्याचे (महाराष्ट्र 15, केंद्रीय परवाना असेल तर 00), त्यापुढचे दोन वर्षाचे. त्यांच्या फॉसकॉस या परवान्यांच्या पोर्टलवर तो टाकला की परवाना कोणाचा ते दिसतं. पाकिटावर तीन-चार कारखान्यांचे पत्ते असतील तर बॅच कोडचं पहिलं अक्षर कोणत्या कारखान्याचं, हे तिथेच बारीक अक्षरात दिलेलं असतं. चव बदलण्याचं कारण पुष्कळदा इथेच सापडतं: मालक नव्हे, प्लांट बदललेला असतो.

आणि व्यवहारात नेमकं काय विकलं तेही बघा. एमटीआर या बंगळुरूच्या ब्रँडचा पॅकबंद पदार्थांचा धंदा 2007 मध्ये नॉर्वेच्या ऑर्क्लाने घेतला, त्यांची तिथली हॉटेलं त्यात नव्हती.

दूधसंकलन_निफाड
दह्या-दुधाचं थोडं वेगळं. शेजारच्या श्रीरामपूरच्या प्रभात डेअरीचा दूध व्यवसाय फ्रान्सच्या लॅक्टालिसला विकण्याचा व्यवहार 2019 मध्ये जाहीर झाला, सुमारे 1,700 कोटींचा. पण मालक फ्रेंच असो की आपल्या गावचा, टोन्ड दुधाला किमान 3 टक्के फॅट आणि 8.5 टक्के एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), फुल क्रीमला 6 आणि 9, हे बंधन तेच. कायदा फक्त खालची पातळी ठरवतो. त्याच्या वर किती राहायचं, हे कंपनीच्या हातात. म्हणून दह्याच्या डब्यावरचे 100 ग्रॅममागचे फॅट आणि प्रोटीनचे आकडे जुन्याशी ताडून पाहा. ते घटले असतील तर दही पाणी सोडेल, कढी फुटेल.

मेसवाली_इंदिरानगर
आकडे बरोबर आहेत आणि तरी शंका आली तर?

लेबलवाचक
अन्नसुरक्षा कायदा 2006 चं कलम 40. गिऱ्हाईक स्वतः फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ शकतं. पण तपासणीला देणार आहे हे माल घेतानाच दुकानदाराला सांगावं लागतं, आणि नेमकं तेच राहून जातं. माल नियमात बसला नाही तर फी परत मिळते. तोवर त्याच बॅचची सीलबंद पाकिटं वेगळी ठेवा. फोडलेलं पाकीट घेऊन गेलात तर 'तुमच्याकडेच भेसळ झाली' म्हणायला कंपनी मोकळी.

साधी तक्रार असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915. बॅच नंबर आणि बिल हाताशी ठेवूनच फोन करा.